स्क्रूड्रायव्हरला लावलेला कान

(डोंबिवलीत झालेल्या वार्षिक स्मृती व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



निमंत्रणपत्रिकेवर ज्यांचं नाव छापलंय, त्यांना एमआयडीसीत त्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. ते फिटरकाका. माझे वडील त्यांच्याच कारखान्यात बॉयलरवर होते. शाळेतून येताना मी त्यांचा डबा परत न्यायला जायचो, तेव्हा काकांचं काम पाहत उभा राहायचो. चालू पंपापाशी ते आले की खिशातून लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर काढायचे. टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानापुढच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. अर्धा मिनिट तसेच. मग सांगायचे, ग्रीस संपलंय. किंवा, बॉल फुटलाय. किंवा, बेअरिंग ठणठणीत आहे, कपलिंग रेषेत नाही. पंपात खडी पडल्यासारखा आवाज आला, तर नवखा माणूस पंप उघडायला धावायचा. काका त्याला थांबवून आधी सक्शनचा व्हॉल्व्ह पुरा उघडा आहे का ते बघायला पाठवायचे. पाणी ओढताना पंपाला ते कमी पडलं की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात, त्यांचा तो आवाज. खडी नसतेच.

बाहेर सगळा शेड घरघरत असायचा. आम्हाला त्यात एक मोठी घरघर ऐकू यायची, काकांना पंचवीस वेगवेगळे आवाज. आज मी ज्या संगीताबद्दल बोलणार आहे ते ऐकण्याची माझी पहिली शिकवणी ती होती. या संगीताला जगभर नॉइज म्हणतात. त्याचा एक मोठा फाटा इंडस्ट्रियल म्हणून ओळखला जातो.

पत्रिका वाचून दोघातिघांनी फोन केले. गणपतीत डीजेविरुद्ध पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन जाणारे तुम्हीच ना, आणि तुम्हीच गोंगाटाचं संगीत ऐका म्हणून सांगणार? हो, मीच. त्या प्रश्नाकडे मी येणार आहे, तो टाळण्यासारखा नाही. आधी शब्दांचं थोडं बोलू.

१९१३ च्या मार्चमध्ये लुइजी रुसोलो नावाच्या इटालियन चित्रकाराने एक जाहीरनामा लिहिला. त्याचं म्हणणं असं की, यंत्रं आल्यापासून माणसाच्या कानाची भूक वाढली आहे, वाद्यवृंदातले मोजके गोड स्वर आता त्याला पुरत नाहीत. त्याने आवाजांची सहा घराणी पाडली. ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मनातल्या मनात मराठी शब्द घालत गेलो आणि थांबताच येईना. पहिल्या घराण्यात गडगडाट, दणदणाट, घणघणाट. दुसऱ्यात सूंसूं, सणसण, फूत्कार. तिसऱ्यात कुजबुज, पुटपुट, खळखळ, बुडबुड. चौथ्यात करकर, कुरकुर, किरकिर, खरखर, सळसळ, भणभण. पाचव्यात धातूवर, लाकडावर, कातड्यावर मारल्याचे आवाज: खणखण, ठणठण, टकटक, धबधब. सहाव्यात माणसांचे आणि जनावरांचे: हंबरडा, किंकाळी, खिंकाळी, हुंदका. रुसोलोला हे आवाज काढायला लाकडी खोकी बांधावी लागली, पुढे कर्णा आणि मागे फिरवायची मूठ असलेली. आपल्या भाषेने ते सगळे आवाज केव्हाच टिपून ठेवलेत. करकर आणि कुरकुर यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दाराची बिजागरी आणि नवी चप्पल त्याला आठवते. १९१४ मध्ये रुसोलोने मिलानमध्ये ती खोकी वाजवली तेव्हा प्रेक्षागारात मारामारी झाली. त्याच्या जाहीरनाम्यात युद्धाच्या आवाजांचं जे कौतुक आहे, ते मला मान्य नाही हेही इथेच सांगतो. तोफेचा आवाज कुणाच्या अंगावर जातो, हे विसरून तो ऐकता येत नाही.

आपल्याकडे शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीत बसून संगीतरत्नाकर लिहिला, तो नादापासून सुरू होतो. आहत नाद म्हणजे आघाताने निघणारा. त्यातला कोणता संगीतात घ्यायचा आणि कोणता बाहेर ठेवायचा, हे पुढे परंपरेने ठरवलं, पण बाहेर ठेवलेला नाद मागच्या दाराने आत येत राहिला. तंबोऱ्याची जवारीच घ्या. घोडीवर तारेखाली सुताचा तुकडा सरकवायचा, तो नेमक्या जागी आला की तार नुसती वाजत नाही, झणझणते. मिरजेचे कारागीर ती घोडी घासण्यात हयात घालवतात. ध्वनिशास्त्राच्या भाषेत ती तारेची घोडीवरची थरथर आहे, आणि थरथरीवाचून आपलं गाणं बसत नाही. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातला, आता पालघरमध्ये गेलेला वारल्यांचा तारपाही तसाच. दुधी भोपळ्याच्या त्या वाद्याचा अखंड घुमणारा, किंचित फाटलेला आवाज ज्याने रात्रभर ऐकलाय त्याला नॉइज म्हणजे काय हे वेगळं शिकवायला नको.

आणि जातं. मला वाटतं, यंत्राच्या आवाजावर बांधलेलं मराठीतलं सगळ्यांत मोठं संगीत म्हणजे जात्यावरची ओवी. पहाटे दोघी जणी समोरासमोर बसायच्या. दगडाची घरघर हाच सूर, खुंटा फिरण्याचा वेग हाच ठेका. दळण संपलं की गाणं संपलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या आणि आज त्या कुणालाही ऐकता येतात. ऐकाल तेव्हा शब्दांच्या आधी दगड ऐका. कष्टाच्या आवाजातून गाणं निघतं म्हणजे काय, ते तिथे उघडं पडतं.

आता आपल्या रुळांकडे येतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आपल्या पट्ट्यात इतका जुना आहे. कल्याणच्या विजेच्या इंजिनांच्या शेडमधली जुनी माणसं ज्याला ‘खेकडा’ म्हणायची ते घाटातलं इंजिन तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. चालताना बाजूचे दांडे खेकड्याच्या पायांसारखे हलायचे, आणि उभं असतानाही ते कण्हत राहायचं. रेल्वेवाल्यांनी त्याला नाव दिलं ते नुसतं बघून दिलेलं नाही, असं मला नेहमी वाटतं.

पियेर शेफर हा पॅरिसच्या रेडिओतला इंजिनियर. १९४८ मध्ये तो ध्वनिमुद्रणाची गाडी घेऊन बातिन्योल स्टेशनात गेला आणि इंजिनांचे आवाज तबकड्यांवर टिपून आला. मग एकेक तुकडा निवडला: शिट्टी, वाफेचा सुस्कारा, चाकांचा ठेका. तबकडीची खाच बंद केली की सुई त्याच वर्तुळात फिरते आणि तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. आपल्याकडे रेकॉर्ड अडकली की लोक वैतागून सुई उचलायचे. शेफर ती मुद्दाम अडकवायचा. या तुकड्यांतून त्याने तीन मिनिटांच्या आतली एक रचना केली, आगगाड्यांचा अभ्यास अशा अर्थाचं तिचं नाव आहे. ५ ऑक्टोबर १९४८ ला ती पॅरिसच्या रेडिओवर वाजली. आज ज्याला सॅम्पलिंग म्हणतात त्याचं मूळ तिथे आहे. ज्यांना या वाटेवर पहिलं पाऊल टाकायचंय त्यांनी ही रचना ऐकावी, आणि शक्य तर डोंबिवली ते ठाणे प्रवासात कानात घालून ऐकावी. कानातली गाडी कुठे संपते आणि पायाखालची कुठे सुरू होते हे काही क्षण कळेनासं होतं.

हे ऐकल्यावर मी लोकल नव्याने ऐकू लागलो. जुन्या डीसी गाड्या सुटताना खालून खट्‌ खट्‌ खट्‌ असे आवाज यायचे, प्रत्येक खटक्याला गाडीला एक हलका हिसका बसायचा. मोटरमन वेग वाढवत असताना एकेक रोध सर्किटमधून बाहेर पडत असे, त्याचे ते खटके. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागल्यावर मी मुलांना सांगायचो, सर्किट आकृतीत कशाला शोधता, दिवा स्टेशनात गाडी सुटताना कान द्या, मोजता येईल. २०१५ पर्यंत आपल्या मुख्य मार्गावर डीसी जाऊन एसी आलं. नव्या गाड्यांत वीज तुकड्या-तुकड्यांनी कापून मोटरला दिली जाते, आणि त्या कापण्याचाच आवाज होतो. म्हणून नवी गाडी सुटताना खटके देत नाही, चढत जाणारा सूर काढते. रूळ जोडून लांब केल्याने सांध्यांवरचं दडक-दडकही बहुतेक ठिकाणी गेलं.

आणि पारसिकचा बोगदा. १९१६ साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. फास्ट लोकल त्यात शिरली की सगळा डबा एकदम एका बंद डब्याच्या आत गेल्यासारखा व्हायचा, कानावर दाब यायचा, पत्त्यांचा डाव थांबायचा नाही पण बोलणं थांबायचं. दाराशी लटकणारी पोरं ओरडायची, फक्त आवाज भिंतीवरून परत कसा येतो ते ऐकायला. २०२२ मध्ये नवे मार्ग सुरू झाले, फास्ट लोकल मुंब्र्यावरून जाऊ लागल्या, बोगदा लांबपल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. आज वीस वर्षांचं जे पोरगं रोज ठाण्याला कॉलेजला जातं, त्याच्या धाकट्या भावंडाला तो आवाज माहीत असणार नाही. कुणी टिपून ठेवलाय का? मला भेटा.

लोकलमधल्या भजनी मंडळींबद्दल इथे न बोलणं अन्याय होईल. कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या डब्यात टाळ निघतात, मृदंग नसला तर पत्र्याच्या पार्टिशनवर हात पडतो. गाडीचा ठेका घ्यायचा, तिच्या वरच्या पट्टीत चढायचं, स्टेशन आलं की समेवर यायचं. बर्लिनमध्ये ज्यांनी पत्र्याला वाद्य केलं त्यांचं कौतुक मी करणारच आहे, पण पत्र्यावरचा हात आधी इथे पडला होता.

तर बर्लिन. १९८० मध्ये तिथे काही तरुणांनी एक गट काढला. त्यांच्याकडे वाद्यांना पैसे नव्हते, म्हणून पत्रे, स्प्रिंगा, पाइप, ड्रिल मशीन, बाजारातली हातगाडी, जे सापडेल ते वाजवायला घेतलं. गटाचं नाव आइनश्टुर्त्सेंड नॉयबाउटेन, म्हणजे कोसळणाऱ्या नव्या इमारती. आपण ठाणे जिल्ह्यातली माणसं हे नाव नुसतं नाव म्हणून ऐकू शकत नाही. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली इमारत पडून ७४ जण गेले. त्या गटाच्या १९८१ च्या कोलाप्स या पहिल्या मोठ्या तबकडीत पत्रा किंचाळतो तेव्हा मला गंमत वाटत नाही, छातीत धस्स होतं. सुरुवात मात्र तिथून करू नका. १९८५ ची हाल्बर मेन्श आधी ऐका; तिथे माणसांचे आवाज आणि धातू यांचं जे नातं जमलंय ते कुणालाही धरून ठेवेल. मग मागे कोलाप्सकडे या.

‘इंडस्ट्रियल’ हे नाव मात्र लंडनहून आलं. थ्रॉबिंग ग्रिसल या चौघांच्या गटाने १९७६ मध्ये इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स नावाची कंपनीच काढली. त्यांचं काम महत्त्वाचं आहे, काही विषय हिंसक आणि अस्वस्थ करणारे आहेत. घरातल्या लहानांसमोर लावू नका एवढं सांगून पुढे जातो. मला त्यांच्याहून जवळचे वाटतात टेस्ट डिपार्टमेंटवाले. दक्षिण लंडनची ही पोरं भंगारातल्या पिंपांवर आणि पोलादी पट्ट्यांवर वाजवायची. १९८४ च्या मार्चमध्ये ब्रिटनमधले कोळसा कामगार संपावर गेले, वर्षभर लढले. तेव्हा या गटाने दक्षिण वेल्समधल्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाबरोबर शोल्डर टू शोल्डर ही तबकडी काढली. एका बाजूला पोलादावर घण, दुसऱ्या बाजूला खाणीतल्या माणसांचे भरदार एकत्र आवाज. ती ऐकताना मला १८ जानेवारी १९८२ आठवतो, गिरणी संप सुरू झाला तो दिवस. लालबाग-परळहून उठलेली कितीतरी कुटुंबं पुढे आपल्याच या पट्ट्यात येऊन राहिली. त्यांच्या आधीच्या पिढीने अण्णा भाऊ साठे आणि अमर शेखांची डफ-तुणतुण्यावरची शाहिरी ऐकली होती, लाल बावटा कलापथकाची. डफाला आणि घणाला जोडणारा धागा मला स्पष्ट दिसतो. आपल्या कुणी तरुणाने हे दोन्ही एकत्र आणलं तर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.

भोंग्याचं राहिलंच. ७ नोव्हेंबर १९२२ ला बाकू शहरात आर्सेनी अव्रामोव्हने आख्ख्या शहराचं वाद्य केलं. कारखान्यांचे भोंगे, बंदरातल्या जहाजांचे भोंगे, आगगाडीची इंजिनं, तोफा, आणि उंचावर उभं राहून झेंड्यांनी खुणा करणारा संचालक. ज्या भोंग्याने कामगाराचा दिवस बांधला, तो भोंगा एक दिवस कामगारांसाठी वाजला. आज त्याची पुनर्रचित ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात. आपल्याकडचे भोंगे मात्र गप्प होत गेले. मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद झाला. वागळे इस्टेट, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक, आता अर्धी काचेच्या कचेऱ्यांची झाली. भोंग्यावर घड्याळ लावणारी घरं मला आठवतात. आई डाळीला फोडणी दुसऱ्या भोंग्याला द्यायची.

भिवंडीकडे जाताना मी मुद्दाम रिक्षा आधी सोडतो आणि चालतो. एकेका गाळ्यात कितीतरी साचे, म्हणजे यंत्रमाग. धोटा इकडून तिकडे फेकला जातो, खटाक, परत खटाक. प्रत्येक साच्याचा वेग एका केसाने वेगळा, कारण मोटर वेगळी, पट्टा वेगळा, सुताचा ताण वेगळा. त्यामुळे दोन साचे क्षणभर एकत्र वाजतात, मग हळूहळू एकमेकांपासून सरकतात, मध्ये एक तिसराच ठेका तयार होतो जो कुणीच वाजवत नसतं, आणि काही वेळाने पुन्हा एकत्र येतात. १९६५ मध्ये स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराला दोन टेपरेकॉर्डर एकाच वेगाने चालेनात म्हणून हीच गोष्ट सापडली, आणि त्यातून त्याने पुढचं बरंच काम उभं केलं. इट्स गॉना रेन नावाची त्याची ती रचना भिवंडीच्या गल्लीत उभं राहून आल्यावर ऐका. मात्र गल्लीत आपण पाच मिनिटं उभे असतो. आत जो आहे तो बारा तास असतो. हे विसरायचं नाही.

इथेच मी त्या फोनवाल्यांच्या प्रश्नाला येतो. काकांचे कान गेले. निवृत्तीच्या कितीतरी आधी त्यांना उंच पट्टीचे आवाज येईनासे झाले. शब्दांतले स, श, फ आधी गेले, म्हणून माणूस बोलतोय हे कळायचं, काय बोलतोय ते नाही. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कळवायलाच हवा असा आजार म्हणून नोंदलेला होता. काकांच्या बाबतीत तो कुणी कळवला नाही. काकूंनी त्यांच्याशी ओठ मोठे हलवून बोलायची सवय करून घेतली, आणि ती त्यांना अजून आहे, आपण मघाशी पाहिलं असेल.

म्हणून ध्वनिप्रदूषणाविरुद्धची लढाई माझ्यासाठी फावल्या वेळेची हौस नाही. २००० च्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक भागात ७५ आणि ७० अशी मर्यादा घातली. आपल्या डोंबिवलीत तर एमआयडीसीलाच निवासी विभाग आहे, रस्त्याच्या अलीकडे कुठला आकडा आणि पलीकडे कुठला हे ज्याने त्याने ठरवावं! ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेला निकाल आपल्या प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावावा असा आहे. डीजेच्या भिंतीसमोर आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला उठून जाण्याची सोय नसते. आणि त्या भिंतीत ऐकण्यासारखं काही उरतही नाही. पन्नास वाद्यांचं एक वाद्य होतं, सगळं एका दणक्यात सपाट. नॉइज ऐकणारा स्वतःहून दार लावून बसतो, आवाजाची कळ त्याच्या बोटाखाली असते, नको झालं तर तो बंद करतो. दोन्हींत डेसिबलचा आकडा कधी सारखा येईल. संमती सारखी नसते, आणि कान काय करतो तेही नाही.

म्हणून माझी पहिली अट: हे संगीत मोठ्याने ऐकू नका. कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा आहे, आणि तीही काकांसारख्यांना वाचवायला पुरेशी नाही. हेडफोनमधून ऐकताना शेजारी बसलेल्याचं बोलणं कळलं पाहिजे, इतकाच आवाज ठेवा. हळू आवाजात नॉइजचा पदर अधिक दिसतो.

दुसरी गोष्ट. काही आवाजांना मी संगीत म्हणणार नाही आणि कुणी म्हटलं तर विरोध करीन. २६ मे २०१६ ला आणि २३ मे २०२४ ला आपल्या एमआयडीसीत जे स्फोट झाले, ते आपण सगळ्यांनी घरात बसून ऐकले. खिडक्यांच्या काचा आधी थरथरल्या, मग आवाज आला. त्याचं ध्वनिमुद्रण कुणी रचनेत वापरलं तर मी उठून जाईन.

सगळ्यांत अवघड ते शेवटी. तोक्योचा मासामी अकिता १९७९ पासून मर्झबाउ या नावाने काम करतो, आणि त्याच्या तबकड्या शेकड्यांनी आहेत. १९९६ ची पल्स डीमन मी प्रथम लावली तेव्हा चाळीस सेकंदांत बंद केली. सूर नाही, ठेका नाही, शब्द नाहीत. वीज उतू जावी तसा खरखराट. सहा महिन्यांनी पुन्हा लावली, हळू आवाजात, आणि मला काकांची मूठ आठवली. मी डोळे मिटले आणि ठरवलं, आवडतंय की नाही हा प्रश्न विचारायचाच नाही, आत किती आवाज आहेत ते मोजायचे. खाली एक गुरगुर होती, ती दर काही सेकंदांनी कूस बदलत होती. वर एक चर्र, तव्यावर पाणी पडल्यासारखं. मध्येच काहीतरी उघडायचं आणि मिटायचं. सात मोजले आणि तबकडी संपली. आवडलं का, हे मला अजून सांगता येत नाही. त्यानंतर मी गच्चीवर गेलो आणि समोरच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर, टाकी भरणारा पंप, कावळे आणि लांबची गाडी हे सगळं एकेक करून ऐकू आलं. ते तास-दीड तास टिकलं. याच्यासाठी मी तुम्हाला हे संगीत ऐका म्हणतो आहे.

आपल्या देशात कुणी हे केलं का, असं तरुण मुलं विचारतात. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. त्याच्यामागे गीता साराभाई होत्या, ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केजला भारतीय संगीत शिकवलं होतं. त्या स्टुडिओत १९७२ पर्यंत आपल्या माणसांनी टेपवर जे प्रयोग केले ते जवळपास अर्धं शतक पडून होते. पॉल पर्गस या कलावंताने ते शोधले, आणि २०२३ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. जरूर ऐका, त्यातल्या काही टेपा आज केल्यासारख्या वाटतात. आणि मराठीत यंत्राचा आवाज आधी कवितेने ऐकला. आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या बा. सी. मर्ढेकरांनी ओवी-अभंगाच्या घाटात यंत्रयुग भरलं, तेव्हा त्यांच्यावरही हे काव्य नव्हे असा आक्षेप आलाच होता.

इथे बसलेल्या मुलामुलींसाठी एक कृती सांगतो. दारावरच्या बझरमध्ये पितळी चकती असते, पिझो म्हणतात. काही रुपयांना मिळते. तिला दोन तारा डाखा, टोकाला पिन लावा, चिकटपट्टीने ती स्टेशनच्या पुलाच्या कठड्याला, खिडकीच्या गजाला, पाण्याच्या पाइपाला चिकटवा आणि मुद्रणयंत्राला जोडा. हवेतला आवाज ती जवळजवळ घेत नाही. लोखंडाच्या आतून जाणारा घेते. पुलावरून चालणाऱ्या हजार माणसांचे पाय कठड्यातून काय होऊन येतात ते ऐकलंत तर त्या रात्री झोप लागणार नाही. हाच काकांचा स्क्रूड्रायव्हर, तारा लावलेला. जगातले कितीतरी नॉइज कलावंत याच चकतीवर काम करतात. आणि करायचं तर आत्ता करा. लेथ जाताहेत, साचे बदलताहेत, जुन्या पिढीचे फिटर हयात आहेत तोवर त्यांना बरोबर न्या. कोणता आवाज कशाचा, हे तेच सांगतील.

१९९३ मध्ये मी अशी एक चकती काकांच्या स्क्रूड्रायव्हरला बांधली होती. त्यांचे कान तेव्हा बरेच गेले होते, पण हाडातून त्यांना अजून कळायचं. कूलिंग टॉवरच्या पंपावर त्यांनी टोक टेकवलं, मी कॅसेट सुरू केली. काकूंची परवानगी घेऊन ती कॅसेट मी आज आणली आहे. दोन मिनिटं दहा सेकंद. आधी तुम्हाला एकच घरघर वाटेल. साधारण एका मिनिटाला त्यातून एक किरकिर सुटी होते. ती धरून ठेवा. शेवटी काका बोलतात, बहिऱ्या माणसासारखं जरा मोठ्याने, एवढंच एक वाक्य. मागच्या बाजूचे पंखे कुणीतरी बंद करा. काकू, तुम्ही या खुर्चीत या, स्पीकर इथे आहे.

(यानंतर ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले.)